म्हातारपणाचा हिशेब
(कऱ्हाटी, ता. बारामती येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी नाके मुरडली. मला त्यात काही गैर दिसले नाही. त्यांनी एकजुटीने मागितले. आपण काय मागणार, एवढाच प्रश्न आहे.

आज पदरात काय आहे? श्रावणबाळ योजनेत पासष्टीनंतर महिना १५०० रुपये, तेही वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. म्हणजे रोजचे सत्तावन्न रुपये. कऱ्हाकाठच्या जिरायतीत नुसत्या बाजरीवर जगणारे घर तरी एवढ्यात चालते का? म्हाताऱ्या माणसाला दाखल्यासाठी खोटे बोलायला लावणारी ही अट आहे.

२०१९ साली केंद्राने किसान मानधन योजना आणली. दोन हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याने वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालणार, साठीनंतर महिना ३००० रुपये. ऐकायला बरे वाटते. पण आकडा ३००० वर गोठलेला आहे. महागाई वर्षाला सहा टक्के धरा. आज चाळिशीत शिरलेल्याला वीस वर्षांनी मिळणारे ३००० आजच्या साडेनऊशेचेही नसतील. अठरा वर्षांच्या पोराने आज भरायला सुरुवात केली, तर त्याच्या हाती आजचे २६० रुपये पडतील. आणि ज्याने चाळिशी ओलांडली, त्याला दारच बंद!

आता बाहेर पाहू. जर्मनीत कामगारांसाठी पेन्शनचा कायदा १८८९ साली झाला, शेतकऱ्याची पाळी आली १९५७ ला. तिथेही अट होती: आधी शेत पुढच्या पिढीकडे द्या, मग पेन्शन घ्या. २०१८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने या अटीवर बोट ठेवले आणि ती गेली. आपल्याकडे म्हातारा सातबारा सोडत नाही, त्याला आपण हट्टी म्हणतो. सोडला की भाकरीसाठी सुनेच्या तोंडाकडे पाहावे लागते, हे त्याला ठाऊक असते.

मला जवळचे वाटते ते ब्राझील. १९७१ मध्ये तिथे ग्रामीण पेन्शन सुरू झाले, तेही किमान वेतनाच्या निम्मे आणि फक्त कुटुंबप्रमुखाला. १९८८ च्या राज्यघटनेनंतर ते पूर्ण किमान वेतनाएवढे झाले आणि बाईलाही तिच्या स्वतःच्या नावाने मिळू लागले. पुरुष साठ, बाई पंचावन्न. लहान शेतकऱ्याकडून दरमहा हप्ता नाही, माल विकला की त्यातून लहानसा टक्का कापतात. पंधरा वर्षे शेतात राबल्याचा पुरावा द्यायचा. बराचसा बोजा सरकारी तिजोरी उचलते. हप्ता सुगीला धरून आहे, हे शेती कळणाऱ्याचे काम आहे. आपल्या उसाच्या बिलातून नाना कपाती होतातच, त्यात म्हातारपणाची एक नाही.

कोणी म्हणेल, भाव मिळाला तर पेन्शन कशाला? भावाची लढाई सोडायची नाहीच. पण भावाचे पैसे सातबारावर नाव असलेल्याच्या खात्यात जातात. जन्मभर खुरपणी केलेल्या बाईचे नाव तिथे नसते आणि मानधन योजनाही नाव असेल त्यालाच विचारते. लक्ष्मीमुक्तीची हाक शरद जोशींनी दिली, त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आज इथे बसलेल्या किती जणांनी बायकोचे नाव लावले? हात वर करा.

तहसीलला द्यायच्या निवेदनात दोनच गोष्टी घालू. उत्पन्नाची २१ हजारांची अट काढा. पेन्शनची रक्कम शेतमजुराच्या किमान वेतनाशी बांधा, राबणाऱ्या बाईला तिच्या कामावर द्या. सह्या आजच घ्यायच्या आहेत, बायकांच्या आधी.