आपल्या नावाची खतावणी



कन्नड तालुक्यात, आपल्या देवगाव रंगारीच्या शिवारात, मृगाचा पाऊस झाला की शेतकऱ्याला उसंत नसते. कपाशीचे बियाणे आणायचे, मका टोकायचा, खताची सोय लावायची. पेरणी कुणासाठी थांबत नाही. अशा वेळी बँकेत पीककर्जाला गेलेल्या माणसाला साहेब कागद पाहून सांगतात, “तुमचे सिबिल खराब आहे.” माणूस मुकाट्याने पायऱ्या उतरतो. आपल्याविषयी काय लिहिले आहे, कोणी लिहिले आहे, ते खरे की खोटे, यातले त्याला काहीच कळलेले नसते. पण पैसा तर हवाच. मग खाजगी सावकार गाठायचा. दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने ८०,००० रुपये काढले, तर आठ महिन्यांत नुसते व्याजच १९,२०० रुपये होते. न पाहिलेल्या एका कागदाची किंमत ही अशी पडते.

तेव्हा हा कागद म्हणजे काय, आणि तो फुकट कसा पाहावा, एवढेच आज सांगायचे आहे.

आपण बँकेचे कर्ज घेतो, सोने तारण ठेवतो, हप्त्याने मोटारसायकल आणतो. त्याची नोंद ती बँक किंवा वित्तसंस्था ‘पतमाहिती कंपनी’ नावाच्या संस्थेकडे पाठवते. कोणत्या महिन्यात हप्ता भरला, किती दिवस थकला, किती बाकी आहे, सारे तिथे लिहिले जाते. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल ही २००० साली निघाली, सर्वांत जुनी. म्हणून लोक सगळ्यांनाच सिबिल म्हणतात. वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसेच हे. या कंपन्यांचा कारभार २००५ सालच्या कायद्याने चालतो आणि वर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. नोंदींवरून त्या ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा काढतात. आकडा जितका मोठा, तितकी पत चांगली.

यात आपला जुना इतिहासही थोडा आठवावा. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि खतांवर. अनेक ठिकाणी ती कागदपत्रे जाळली गेली. वही सावकाराच्या घरी, लिहिणारा सावकार, अंगठा मात्र कुणब्याचा. वहीत काय चढले हे त्याला ठाऊकच नसे. त्या दंग्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लेखी द्यावा, कुळाने मागितल्यास पासबुक भरून द्यावे, असे त्यात आले. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी होता. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

आज वही संगणकात गेली. पण ती पाहण्याचा हक्क आता सर्वांना आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली आदेश काढला, आणि १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा त्याचा पूर्ण अहवाल, आकड्यासह, विनामूल्य द्यायचा आहे. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार अहवाल फुकट मिळतात.

तो मिळवायचा कसा? कंपनीच्या संकेतस्थळावर जावे. विनामूल्य अहवालाचा दुवा तिथे ठळकपणे द्यावा, असा नियम आहे. नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक भरावा. मोबाइलवर अंक येतो, तो टाकला की अहवाल उघडतो. त्याच पानावर पैसे भरून घ्यायच्या योजनाही झळकत असतात. त्यांची आपल्याला गरज नाही. आणि एक भीती मनातून काढून टाका. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने आकडा कमी होत नाही. दहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले, तर मात्र त्या चौकशांची नोंद होते.

अहवाल हाती आला की काय पाहायचे? पहिले, नाव, जन्मतारीख, पॅन. आपल्या गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, कधी बापाचेही नाव तेच, असे दोन शेतकरी सापडतातच. एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढले, तर ते इथेच कळते. दुसरे, आपण न घेतलेले कर्ज दिसते काय. तिसरे, फेडलेले कर्ज अजून चालू किंवा थकीत दिसते काय. २०१७ आणि २०१९ साली राज्यात कर्जमाफी योजना झाल्या. ज्यांना लाभ मिळाला, त्यांनी आपले खाते बंद दाखवले आहे ना, हे जरूर पाहावे. चौथे, ‘सेटल्ड’ हा शेरा. थोडी रक्कम सोडून तडजोडीत खाते मिटवले, की हा शेरा लागतो, आणि पुढच्या कर्जाला तो आड येतो. म्हणून तडजोड करण्याआधी हे विचारून घ्यावे, आणि कर्ज फिटले की बेबाकी दाखला घेऊन तो जपून ठेवावा. सातबारा जपतो ना, तसा.

शिक्षक बंधू-भगिनींना एक वेगळे सांगणे आहे. आपण भिडेखातर जामीन राहता. कर्जदार थकला, तर जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज उमटते. सही करून विसरून जाऊ नये. बचत गटाच्या भगिनींनीही ध्यानात ठेवावे, की गटामार्फत घेतलेल्या बँकेच्या कर्जाची नोंद एकेका सभासदाच्या नावाने जाऊ शकते.

चूक सापडली तर? कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, तिला पैसे पडत नाहीत. बँकेलाही लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेही विनामूल्य. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर विचारावे.

बाजारात काही जण म्हणतात, “पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो.” त्यांच्या नादी लागू नका. खोटी नोंद फुकट दुरुस्त होते, आणि खरी थकबाकी पैसे भरल्यावाचून कोणालाच पुसता येत नाही. मोबाइलवर आलेला अंक अशा माणसाला सांगितलात, तर तुमच्याच नावावर नवे कर्ज निघायचे! तसे घडलेच, तर १९३० वर ताबडतोब कळवावे.

आता कोणी म्हणेल, माझ्या नावावर कधी कर्जच नव्हते, मग आकडा कुठून येणार? बरोबर आहे. पण केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. आणि शेतकऱ्याच्या पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी २०२५ साली बँकांच्या बैठकीत बजावले. तसा आग्रह कोणी धरलाच, तर अर्ज नाकारल्याचे कारण लेखी मागा. तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

हे काम मृगाच्या तोंडावर करायचे नाही. दुरुस्तीला महिना लागतो, म्हणून मार्चमध्येच अहवाल काढावा. संकेतस्थळांवरची भाषा बहुधा इंग्रजी असते. तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी, बाईंनी एखाद्या रविवारी चावडीवर बसून चार जणांना अहवाल वाचून दाखवला, तर मोठे काम होईल. मात्र मोबाइल ज्याचा त्याच्याच हातात असू द्यावा, अंकही त्यानेच टाकावा. आणि वाचून झाल्यावर कागद छापून त्याच्याजवळ द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षीचा अहवाल त्याच्याशी ताडून पाहता येईल.