माऊस बाजूला ठेवा

(मालवणात तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिलाय उबुंटूवरच्या कीबोर्ड शॉर्टकटचा. पण सुरुवात माझ्या खालापासून करते.

तिच्या नावात 'ज' आहे. तिच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही बाहेर पैसे देऊन टाइप करून घेतला. तिथे 'ज'चा 'झ' झाला. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, अर्जावर दुसरं. अर्ज परत आला. प्रतिज्ञापत्र केलं, ओरोसला दोन फेऱ्या झाल्या, आणि तोवर मुदत संपली. मी टाइप करणाऱ्याला दोष देत बसत नाही. आमच्या घरात तेव्हा तीन पदवीधर होते आणि एकालाही मराठीत आपलं नाव टाइप करता येत नव्हतं. त्या तिघांत मीही होते.

उबुंटूकडे मी वळले ती मात्र गरजेपोटी. लॅपटॉप जुना होता, त्यावर विंडोज 11 चढत नव्हतं. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांचीही हीच अडचण असणार. उबुंटू फुकट आहे, कुणालाही वापरता, वाटता येतं. त्यातच ऐन पावसात माझा माऊस बिघडला आणि टचपॅड आधीच मेलेलं. शेजारची काकी म्हणाली, "गो, माऊसाशिवाय ह्यां चलतलां कसां?" चाललं. आजही चालतंय.

आता कळा. विंडोजचं चिन्ह असलेली जी कळ असते, तिला इथे सुपर म्हणतात. ती एकदा दाबा आणि हव्या त्या प्रोग्रामचं नाव लिहायला लागा. दोन-तीन अक्षरांत तो समोर येतो. ऑल्ट आणि टॅबने एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाता. हे विंडोजवरही आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची जोडी म्हणजे सुपर आणि स्पेसबार. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या पानावर जाऊन मराठी एकदा जोडा, इन्स्क्रिप्ट निवडा. मग सुपर-स्पेस दाबलं की इंग्रजीतून मराठीत, पुन्हा दाबलं की परत. उर्दूही जोडा, नानांना पत्र लिहायचं तर तीच जोडी, आणि ओळ आपोआप उजवीकडून सुरू होते.

इन्स्क्रिप्ट ही आपल्या लिप्यांसाठी केलेली मांडणी, 1991 च्या भारतीय मानकात ती आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'क'च्याच कळेवर शिफ्टसह 'ख'. 'ग'वर 'घ', 'प'वर 'फ'. समजा 'जुबेदा' लिहायचंय: पी, जी, वाय, एस, ओ, ई. सहा कळा. शिफ्ट धरून पी दाबलं तर 'झ' येतो. खालाची शिष्यवृत्ती अडली ती एवढ्या एका शिफ्टवर.

इथे एक खाच आहे. उजवा चौकोनी कंस दाबला की नुक्ता येतो. 'ज' खाली नुक्ता दिला की उच्चार बरोबर वाटतो, आपल्याला मोह होतो. पण संगणकाच्या लेखी ते वेगळं नाव. यादीत साध्या 'ज'नं शोधलं तर नुक्तेवालं नाव सापडेलच असं नाही. अर्जात दाखल्यावर आहे तेच लिहा. उच्चाराची हौस पत्रात भागवा.

तपासायची माझी पद्धत सांगते. दाखल्याचा फोटो उघडायचा, सुपर धरून डावा बाण दाबायचा. तो अर्ध्या पडद्यावर बसतो. मग अर्ज, सुपर आणि उजवा बाण. दोन्ही शेजारी-शेजारी. अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचा, नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगितलं तर उत्तमच.

आता मोहल्ल्यातले लोक माझ्याकडे अर्ज घेऊन येतात. त्यांची आधारकार्डं, उत्पन्नाचे दाखले माझ्या पडद्यावर उघडे असतात. चहा ठेवायला उठले तरी सुपर आणि एल दाबते. पडद्याला कुलूप लागतं. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. लोकांनी विश्वासानं दिलेले कागद आहेत ते.

टर्मिनलला घाबरू नका. कंट्रोल-ऑल्ट-टीनं उघडतं. फक्त तिथे कंट्रोल-सीनं नक्कल होत नाही, चालू काम तुटतं. मी पहिल्याच आठवड्यात अर्धं इन्स्टॉलेशन असं तोडलं होतं. नकलेसाठी मध्ये शिफ्टही धरा.

आणि लाइट. मे 2021 मध्ये तौक्ते वादळानंतर इथे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. दर परिच्छेदाला कंट्रोल-एस. यंत्र पूर्ण गोठलंच तर बटण दाबून मारू नका. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून सावकाश एस, यू, बी दाबा: राहिलेलं डिस्कवर उतरतं, डिस्क लिहिण्यासाठी बंद होते, मग यंत्र पुन्हा सुरू होतं. न जतन केलेला अर्ज मात्र यातूनही वाचत नाही. काही लॅपटॉपवर यासोबत एफएन कळही धरावी लागते.

बरं, लॅपटॉप आणलेत ना? माऊस काढून पिशवीत टाका. सुपर-स्पेस. पहिलं आईचं नाव लिहा, तिच्या दाखल्यावर आहे तसंच. दाखला आठवत नसेल तर घरी फोन लावा, मी थांबते.