फॉस्फेट काढणाऱ्याची बाजू



पेशीतल्या निरोपांवर बोलायला उभा राहिलेला माणूस सहसा कायनेजांचं कौतुक करतो. कायनेज म्हणजे प्रथिनाला फॉस्फेट लावणारं एन्झाइम. माणसाच्या जनुकसंचात अशी पाचशेहून अधिक कायनेजं आहेत, तेव्हा कौतुक गैर नाही. पण आज मी वकीलपत्र घेतलंय ते फॉस्फेट काढणाऱ्यांचं, म्हणजे फॉस्फटेजांचं.

मूळ क्रिया अगदी साधी आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या रेणूला तीन फॉस्फेट असतात. कायनेज त्यातला टोकाचा उचलतं आणि प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लावर बसवतं. फॉस्फेटवर ऋण भार असतो. तो आला की प्रथिनाचा आकार बदलतो. नवा शेजारी चिकटतो, नाहीतर जुना सुटतो. फॉस्फटेज तोच फॉस्फेट पाण्याच्या रेणूच्या मदतीनं तोडून टाकतं.

आता गंमत बघा. यातला काढणारा आधी सापडला! १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये कार्ल आणि गर्टी कोरी हे दांपत्य स्नायूतल्या फॉस्फोरिलेजवर काम करत होतं. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरानं साठवून ठेवलेली साखर, तोडणारं हे एन्झाइम. त्याची दोन रूपं त्यांना मिळाली: ‘ए’ कामाला तयार, ‘बी’ सुस्त. ‘ए’चं ‘बी’ करणारं आणखी एक एन्झाइमही त्यांना दिसलं. ते ‘ए’मधून काहीतरी काढून घेत असणार, हा त्यांचा तर्क बरोबर होता, काय काढतं, ते मात्र कळलं नाही.

पुढची गाठ सिअ‍ॅटलमध्ये सुटली. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी कोरींच्या कृतीनं सशाच्या स्नायूतून ‘ए’ काढायला घेतलं. फरक एकच. स्नायूचा अर्क गाळणकागदातून गाळण्याऐवजी त्यांनी तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून स्वच्छ केला. आणि हाती आलं ‘बी’. पुन्हा गाळणकागद वापरला, तर ‘ए’ हजर. कागदात कॅल्शियम होतं आणि त्यानं अर्कातलं एक कायनेज जागं होत होतं. स्नायू आकुंचन पावताना पेशीत कॅल्शियमच सुटतं आणि तेच कायनेज चालू करतं. म्हणजे चेतातंतूच्या हुकमानं जे घडायचं, ते इथे कागदाच्या मळानं घडत होतं. १९५५-५६च्या या कामाला नोबेल मिळालं १९९२ साली. या एन्झाइमात सुमारे ८४० अमिनो आम्लं आहेत. त्यातल्या चौदाव्या, एका सेरीनवर फॉस्फेट बसला की लोंबणारी शेपटी जागा बदलते आणि सगळं यंत्र हलतं. आणि कोरींचं ते काढणारं एन्झाइम? ते निघालं फॉस्फटेज. आज त्याला पीपी-१ म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते जनुकापाशी पुन्हा भेटणार आहे.

समजा, तुम्ही रात्रभर उपाशी आहात. (साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्लेली एकादशी यात धरू नका, यकृताच्या हिशेबी तो उपवासच नव्हे.) रक्तातली साखर उतरते, ग्लुकॅगॉन हे संप्रेरक स्रवतं, यकृताच्या पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि त्यानं पीकेए नावाच्या कायनेजचे कामाचे भाग मोकळे होतात. काही तिथल्या तिथे साखरेचं कोठार उघडायला लावतात, काही पेशीकेंद्रात शिरतात. तिथे क्रेब नावाचं प्रथिन डीएनएवर आधीच ठाण मांडून असतं. त्याच्या १३३व्या अमिनो आम्लावर, पुन्हा एका सेरीनवर, फॉस्फेट बसला की ते सीबीपी नावाच्या साथीदाराला ओढून घेतं, शेजारचं डीएनए सैल होतं आणि जनुकाचं वाचन वाढतं. यकृत नवी साखर बनवायला लागतं. प्रयोगातल्या पेशींत ही लगबग साधारण अर्ध्या तासात टोकाला जाते आणि मग काही तासांत ओसरते. ओसरवतो कोण? पीपी-१. ज्यानं स्नायूतलं एन्झाइम निजवलं, तोच इथे जनुक शांत करतो.

एवढ्यावरून फॉस्फेट म्हणजे ‘चालू’ आणि काढला की ‘बंद’ असं कुणी वहीत लिहून घेत असेल, तर खोडा. याच यकृतात सीआरटीसी-२ नावाचा क्रेबचा दुसरा साथीदार आहे. पोट भरलेलं असताना त्याच्या अंगावर फॉस्फेट असतात, आणि म्हणून तो पेशीकेंद्राबाहेर अडकून पडतो. उपाशीपोटी फॉस्फेट निघतात, तो आत जातो आणि जनुकं चालू होतात. एकाच पेशीत, एकाच निरोपावर, क्रेबला फॉस्फेट लागतो आणि त्याच्या साथीदाराचा निघतो. अर्थ फॉस्फेटमध्ये नाही. तो कुठे बसला, यात आहे.

कायनेज बिघडलं की काय होतं, हे क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया या रक्ताच्या कर्करोगात दिसतं. दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे कायनेज तयार होतं. दारावरच्या घंटीचं बटण आत अडकून बसावं, तसं ते थांबतच नाही. इमॅटिनिब हे औषध त्याची एटीपी बसायची खोबण अडवतं. २००१पासून ते वापरात आहे. त्याच्या पेटंटचा आपल्या सर्वोच्च न्यायालयातला २०१३चा निकाल तुम्ही पेपरात वाचला असेलच.

माझ्या अशिलांची गोष्ट मात्र पेपरात येत नाही. सायक्लोस्पोरिन हे औषध अमेरिकेत १९८३ साली मान्य झालं. बसवलेलं मूत्रपिंड शरीरानं झिडकारू नये म्हणून रुग्णांना ते देत. ते नेमकं करतं काय, हे १९९१मध्ये उमगलं: ते कॅल्सिन्युरिन नावाचं फॉस्फटेज अडवतं. रोगप्रतिकारक टी-पेशीत एनफॅट नावाचं प्रथिन फॉस्फेट अंगावर घेऊन बाहेर थांबलेलं असतं. कॅल्सिन्युरिननं ते फॉस्फेट उतरवले की एनफॅट पेशीकेंद्रात जातं, इंटरल्यूकिन-२चं जनुक चालू करतं आणि परक्या अवयवावर हल्ला सुरू होतो. औषध घेतलं की फॉस्फेट तसेच राहतात आणि हल्ला टळतो. टॅक्रोलिमस हे दुसरं औषधही इथेच घाव घालतं. मूत्रपिंड बदललेला माणूस तुमच्या ओळखीत असेल, तर बहुधा तो रोज ठरलेल्या वेळी ही गोळी घेत असतो आणि अधूनमधून रक्तातली तिची पातळी तपासून घेतो. कॅल्सिन्युरिन इतरही अनेक पेशींत आहे. पातळी कमी पडली तर टी-पेशी जाग्या होतात. वाढली तर ज्या मूत्रपिंडासाठी हा खटाटोप, त्यालाच इजा होते.