मजुरी वाढली तर काम जाते का?



आज आपण मजुरीविषयी बोलणार आहोत. या वर्गात कुणी विड्या वळते, कुणी शेतात रोजाने जाते, कुणी हॉटेलात कपबशा धुतो. सगळ्यांचे पोट हातावर आहे. तेव्हा हा विषय सगळ्यांच्या घरचा आहे.

सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कमी मजुरी कुणाला देता येत नाही, असा कायदा आहे. त्या दराला किमान वेतन म्हणतात. किमान म्हणजे कमीत कमी. मालकाने जास्त दिले तर कायद्याची ना नाही. कमी देऊ नये, एवढेच.

आपल्या देशात हा कायदा १९४८ साली झाला. त्यात धंद्यांची यादी होती. यादीत नाव असेल त्याच धंद्याला तो लागू होई. पुढे २०१९ साली संसदेने वेतन संहिता मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि जुन्या कायद्याची जागा तिने घेतली. आता यादीची अट राहिली नाही.

तुम्ही म्हणाल, "कायदा चांगला आहे हो. पण मालक म्हणतो, इतकी मजुरी मागाल तर काम बंद करीन. मग खायचं काय?"

हा प्रश्न खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी एका लांबच्या गावाची हकीगत ऐका. गाव लांबचे, पण तिथल्या बायका आपल्यासारख्याच कष्टाच्या.

साखळ्या घडवणाऱ्या बायका

इंग्लंडमध्ये क्रॅडली हीथ नावाचे गाव आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या बायका लोखंडी साखळ्या घडवीत. घरामागे लहानशी भट्टी असे. कडी तापवायची, हातोड्याने ठोकायची, दुसरीत अडकवायची. लेकरू तिथेच बाजूला झोपलेले असे. दिवसभर राबूनही पोट भरत नसे.

१९०९ साली इंग्लंडात कायदा झाला. त्याप्रमाणे मंडळ बसले आणि १९१० साली या बायकांचा दर तासाला अडीच पेनी ठरला. पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट!

पण कायद्यात एक पळवाट होती. कामगाराने लिहून दिले, तर पहिले सहा महिने कमी दर चालत असे. मालकांनी लगेच कागद तयार केले. "यावर सही कर," असे ते बायकांना सांगू लागले. पुष्कळ बायकांना वाचता येत नव्हते. सहीच्या जागी त्यांनी फुली मारली. आपण कमी मजुरी कबूल करीत आहोत, हे त्यांना कळलेच नाही.

कळले तेव्हा त्या चिडल्या. मेरी मॅकआर्थर नावाची पुढारी बाई त्यांच्या पाठीशी उभी राहिली. शेकडो बायका काम सोडून बसल्या. दहा आठवडे त्या हटल्या नाहीत. देशभरातून लोकांनी वर्गणी पाठवली. ऑक्टोबर १९१० मध्ये शेवटच्या मालकानेही नवा दर मान्य केला. वर्गणीतले पैसे उरले. त्यांतून बायकांनी १९१२ साली कामगारांसाठी एक इमारत उभी केली. तिथे सभा भरत आणि शिक्षणही चाले.

मग धंदा बुडाला का? टॉनी नावाच्या अभ्यासकाने या धंद्याची पाहणी केली आणि १९१४ साली पुस्तक लिहिले. मजुरी वाढली होती, आणि जी बेकारी येईल असे लोक म्हणत होते, ती आली नव्हती.

काम का गेले नाही?

तुम्ही म्हणाल, ही झाली जुनी गोष्ट. मग अलीकडची ऐका. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही शेजारशेजारची दोन राज्ये आहेत. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीने तासाचा किमान दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केला. शेजारी दर तोच राहिला. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोन अभ्यासकांनी दोन्ही राज्यांतली मिळून ४१० खाणावळी तपासल्या. दर वाढलेल्या बाजूला नोकऱ्या कमी झाल्याचे त्यांना दिसले नाही. सगळ्या पंडितांना हे पटले असे नाही, वाद अजून चालू आहे. पण मजुरी वाढली की काम गेलेच पाहिजे, असे आता कुणी डोळे मिटून म्हणत नाही. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

असे का होते? आपल्या विडीवाल्या बाईचेच पाहा. वस्तीत पाने आणि तंबाखू देणारा ठेकेदार एकच. मुले लहान, लांब कामाला जाता येत नाही. ठेकेदाराला हे ठाऊक असते. म्हणून तो तिच्या कामाच्या मोलापेक्षा कमी दर देतो. मधला फरक त्याच्या खिशात जातो. कायद्याने दर वाढला की हा फरक कमी होतो, पण काम देणे त्याला तरीही परवडते. शिवाय मजुरी बरी असली की माणसे काम सोडून जात नाहीत. नवा माणूस शिकवण्याचा खर्च वाचतो.

मात्र दर कामाच्या मोलापेक्षाही वर गेला, तर मालक माणसे कमी करील, नाही तर यंत्र आणील. म्हणून दर किती असावा, याचा विचार करावाच लागतो.

कण्णूरचे विडी कामगार

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केरळात कण्णूर हा भाग आहे. तिथे विडीचा मोठा धंदा होता. १९६६ साली संसदेने विडी कामगारांसाठी वेगळा कायदा केला. तो नुसत्या मजुरीचा नव्हता. कामाचे तास, रजा अशा गोष्टी त्यात होत्या. पण मालकाचा खर्च त्यानेही वाढणार होता. केरळ सरकारने तो अमलात आणायचे ठरवले. शेजारच्या राज्यात तशी हालचाल नव्हती. तेव्हा १९६८ साली मंगळूरच्या मोठ्या मालकांनी कण्णूरकडचे कारखाने बंद केले. सुमारे १२,००० कामगारांचे काम एकाएकी गेले.

बघा, इथे मालकाची धमकी खरी ठरली. का ठरली? कारण त्याला पळायला जागा होती. सीमेपलीकडे तोच माल स्वस्तात वळून मिळत होता. कायदा एका गावात पाळला आणि शेजारी पाळला नाही, तर काम उठून शेजारी जाते. नुकसान होते ते कायदा पाळणाऱ्या गावातल्या मजुराचे.

पण कण्णूरचे कामगार हात जोडून बसले नाहीत. १९६९ साली त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. तिचे नाव दिनेश विडी. सरकारने भांडवलाला मदत केली. सुरुवातीला सुमारे ३,००० कामगार होते. पंधरा-एक वर्षांत ते सुमारे ४२,००० झाले. ठरलेली मजुरी, रजा, बोनस हे सगळे देऊनही ती संस्था चालली. पुढे विडीचा खप घटला, कामगार कमी झाले. तेव्हा संस्थेने खाण्याचे पदार्थ, छत्र्या, कपडे असे दुसरे धंदे सुरू केले.

त्या कामगारांची एक रीत सांगण्यासारखी आहे. विड्या वळताना एक जण सगळ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी. त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून देत. त्यामुळे कायदा काय म्हणतो, हे सगळ्यांच्या कानावर असे.

मजुरी कुठे गळते?

आता आपल्याकडे येऊ. दर वाढला म्हणून हाती पैसा वाढतोच असे नाही. तो मध्ये गळतो. कसा, ते हिशेबाने पाहू. समजा, हजार विड्यांना २०० रुपये दर आहे. बाईने हजार विड्या नेऊन दिल्या. ठेकेदाराने १०० विड्या "छाट" म्हणून बाजूला काढल्या. हाती आले १८० रुपये. छाट काढलेल्या विड्याही त्याच्याकडेच राहिल्या. पाने कमी पडली म्हणून बाईने २० रुपयांची पाने बाहेरून आणली होती. मग तिला मिळाले किती? १६० रुपये. कागदावर दर २०० आणि पदरात १६०! मालकाने दर मोडला असे कुणी म्हणणार नाही, पण मजुरी तर बुडाली.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. आपल्या कामाचा सरकारी दर किती, हे विचारून घ्या. सरकारी कामगार कार्यालयात तो कळतो.

दुसरी गोष्ट. रोजचा हिशेब आपल्या वहीत लिहा. तारीख, किती काम दिले, छाट किती, पैसे किती. मजुरीची चिठ्ठी मागा. नव्या संहितेप्रमाणे ती देणे मालकावर बंधनकारक आहे.

तिसरी गोष्ट. न वाचता अंगठा किंवा सही देऊ नका. आणि कुणी दिलीच असेल तर घाबरू नका. कमी मजुरी कबूल असल्याचा करार आपल्या कायद्यात रद्द मानला जातो. क्रॅडली हीथच्या बायकांना हा आधार नव्हता, तुम्हाला आहे. बुडालेल्या मजुरीसाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो.

चौथी गोष्ट. एकट्याने मागू नका. एकीने मागितले तर ठेकेदार दुसरीला काम देतो. आपल्या वस्तीने मागितले तर तो शेजारच्या वस्तीत जातो. तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या बायांनाही दर सांगा. त्यांनाही तोच दर मिळाला, की ठेकेदाराला पळायला जागा उरत नाही.

आता वह्या उघडा. गेल्या आठवड्यात प्रत्येकाने काम किती केले आणि पैसे किती मिळाले, ते लिहून काढू. ज्यांना अजून अंक जमत नाहीत, त्यांना शेजारच्याने मदत करावी.