टायर पाहूनच गाडीत पाय ठेवा

आम्ही उदगीरच्या बचत गटातल्या बाया.

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, बायांना टायरशी काय करायचंय? आम्हीही तसंच म्हणायचो. पापड, मसाले, दाळ यांचा हिशोब आम्हाला पाठ, पण गाडीचं काम म्हणजे पुरुषांचं. एका उन्हाळ्यानं आमचं हे मत बदललं.

गटानं कर्ज काढून सात जणांची एक जुनी गाडी घेतली होती. माल लातूरला पोचवायचा आणि लग्नसराईत गाडी भाड्यानं द्यायची, असा ठराव झाला. गटातल्याच एकीचा मुलगा गाडी चालवतो. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास आम्ही सहाजणी आणि दोन लेकरं लातूरकडं निघालो होतो. ऊन असं, की डांबर पायाला चिकटावं. नळेगावच्या अलीकडं बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला, गाडी एका बाजूला ओढली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. मागचा टायर फुटला होता. पोरानं घाबरून करकचून ब्रेक मारला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू कमी केला, म्हणून आज आम्ही तुमच्याशी बोलतोय.

नवल वाटलं ते पुढंच. त्या टायरची नक्षी चांगली खोल होती, टायर गोटा झालेला नव्हता. मग फुटला कसा? पंक्चरवाल्या भाऊनं टायरच्या बाजूवर बोट ठेवलं. तिथं चार आकडे होते, १९१६. तो म्हणाला, "ताई, ही याची जन्मतारीख आहे. २०१६ सालचा १९ वा आठवडा." म्हणजे टायर आठ वर्षांचा होता. रबर म्हातारं झालं, की वरून चांगलं दिसलं तरी आतून कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. जुन्या रबरी चपलेचं होतं तसंच. त्यात त्या दिवशी हवा कमी होती आणि वजन जास्त. नक्षी बघून गाडी घेतली, तारीख कुणी बघितलीच नव्हती.

आधी टायर का तापतो ते समजून घेऊ. तार हातात धरून दहा वेळा वाकवली, तर वाकलेल्या जागी ती गरम होते. टायरचंही तसंच आहे. चाक फिरताना जमिनीला टेकलेला भाग दर फेरीला दबतो आणि परत उठतो. हवा कमी असली, की तो जास्त दबतो आणि जास्त तापतो. त्यावर जादा माणसं, जादा वेग आणि खाली तापलेला रस्ता. सगळं एकत्र आलं की टायर फुटतो. म्हणून "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा" हा सल्ला उलटा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं हवेचा आकडा लिहिलेला असतो. माणसं भरून जायचं असेल तर त्याचा वेगळा, मोठा आकडा असतो. तेवढी हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची. चालून गरम झालेल्या टायरमधली हवा वाढलेली दिसते, ती घाबरून काढू नये.

आता नवे टायर घ्यायची वेळ आली. दुकानात तीन तऱ्हेचे टायर समोर आले. एक जुना वापरलेला, स्वस्तातला. दुसरा साधा नवा. तिसरा "हाय परफॉर्मन्स", रुंद, देखणा आणि महाग. दुकानदार म्हणाला, "हा घ्या, उन्हाळ्यासाठी एक नंबर." आम्ही म्हटलं, थांबा, आधी समजून घेऊ द्या.

उन्हाळी टायर हा शब्द मुळात थंड देशांतला आहे. जर्मनीसारख्या देशात बर्फ पडतो, म्हणून लोक वर्षातून दोनदा टायर बदलतात, हिवाळ्याचे वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे. तिथं एडीएसी नावाची वाहनधारकांची मोठी संघटना दरवर्षी उन्हाळी टायरांची परीक्षा घेते. सगळे टायर एकाच मापाचे घेतात. कोरड्या रस्त्यावर आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून गाडी किती अंतरावर थांबते ते मोजतात, झीज आणि इंधनही बघतात. मऊ रबराचा टायर रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. कडक रबराचा जास्त चालतो, पण पावसात घसरू शकतो. एकच बियाणं प्रत्येक रानात पहिलं येत नाही, तसंच हे.

मग आम्ही टायरवरचं लिखाण वाचायला शिकलो. आमच्या टायरवर १८५/६५ आर १५ असं होतं. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १५ म्हणजे रिमचा इंच. पुढं ८८ एच. ८८ म्हणजे एका टायरनं ५६० किलो वजन पेलावं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०. महागडा टायर व्ही होता. उदगीर-लातूर रस्त्यावर २४० कोण पळवणार? शिवाय त्याची बाजू बुटकी होती. खड्ड्यात बुटक्या बाजूचा टायर लवकर दुखावतो, रिमही वाकते. ज्याला समृद्धी महामार्गावर ताशी १२० नं जायचंय, त्याचा विचार वेगळा. तिथंही आरटीओनं टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या.

मग खतावणी उघडली. हिशोब समजावा म्हणून आकडे धरू. जुना टायर १,५०० रुपयांचा आणि ८,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला साधारण १९ पैसे. साधा नवा ५,००० चा आणि ५०,००० चालला, तर १० पैसे. महागडा ८,००० चा आणि ३२,००० चालला, तर २५ पैसे. सगळ्यात स्वस्त दिसणारा टायर नव्यापेक्षा जवळपास दुप्पट महाग पडला, जिवाचा धोका वेगळाच. आम्ही साधे नवे घेतले, पण ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेले. कारण मिरगाचा पहिला पाऊस आणि रस्त्यावर आलेला काळ्या मातीचा चिखल तुम्हाला ठाऊकच आहे.

पैसे दोनच टायरांपुरते होते. सगळे म्हणाले, नवे पुढं लावा. भाऊ म्हणाला, मागं लावा. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की आवरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. आम्ही मागं लावले. पुढचे दोन तारीख आणि नक्षी तपासून ठेवले, ते पुढच्या हप्त्यात बदलले.

मैत्रिणींनो, तुमच्याकडं गाडी नसेल. पण लग्नाला, तुळजापूरला, दवाखान्याला तुम्ही भाड्याच्या गाडीत बसताच. बसायच्या आधी चार गोष्टी बघा. नक्षीच्या खोल रेघांत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायद्यानं मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. दुसरं, चार आकड्यांची तारीख. पाच-सहा वर्षांपुढं गेला असेल तर जाणत्याकडून तपासून घ्या. तिसरं, बाजूला फुगवटा किंवा चिरा आहेत का. चौथं, माणसं किती भरली. सातच्या गाडीत बारा बसल्या, तर चांगला टायरही हात टेकतो.

ड्रायव्हर दादा हसेल. हसू द्या. "दादा, टायर दाखवा, लेकरं बसायचीत," एवढंच म्हणा. पहिल्यांदा आम्हालाही संकोच वाटला. आता आमच्या गटाची गाडी निघताना सगळ्यात म्हातारी बाई वाकून टायर बघते, मगच पोरगं चावी फिरवतं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला, की दहा मिनिटं बाहेर येऊन दारातल्या गाडीचे चार आकडे वाचून बघा.