मंडळी म्हणजे कोण?

परवा शेजारच्या ताईंनी मला विचारलं, "काकू, तुम्ही घरी रोज प्रार्थना करता, उपदेश मोबाईलवर ऐकता. मग दर रविवारी चर्चला कशाला जाता?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न मनात धरून मी स्वतः दीड वर्ष घरी बसले होते.

आमचे हे वारले तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी होतो. तिथल्या मंडळीत दोन गट. अंत्यविधीला कुणी बोलायचं यावरून माझ्या दारातच भांडण लागलं. मी म्हटलं, देव माझ्या घरात आहे, मला चर्च नको.

मग मुलाकडे कुर्डुवाडीला आले. १८९७ साली बार्शी लाईट सुरू झाली, तेव्हापासून हे रेल्वेचं गाव. बदलीनं येणारी-जाणारी माणसं. मला तर कुणीच ओळखत नव्हतं. पावसाळ्यात तापानं पडले. मुलगा ड्युटीवर. दुपारी दार वाजलं. दारात अनोळखी बाई, हातात डबा. "तुमच्या मुलानं रविवारी प्रार्थनेला तुमचं नाव दिलं होतं," म्हणाल्या. मऊ भात आणि मुगाचं वरण होतं. उपदेश एका शब्दाचा नाही! सलग चार दिवस कुणी ना कुणी आलं. पाचव्या दिवशी रविवार होता. मी गेले.

मराठी बायबलमध्ये ख्रिस्ती लोकांच्या समुदायाला 'मंडळी' म्हटलंय. घरची मंडळी म्हणतो ना आपण, तोच शब्द. इमारत नंतर.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं बघा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढं कितीतरी वर्षं मिशनमध्ये काम केलं. मिशनची चौकट अपुरी वाटली तेव्हा १९१७ मध्ये ती नोकरी सोडली. पण म्हणून एकटे बसले नाहीत. 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. रागावलेल्या माणसालासुद्धा सोबत लागतेच.

आता सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. उपदेश कधी कधी फार लांबतो. प्रभुभोजनाला एकाच भाकरीचा तुकडा घेणारी माणसं मुलीचं लग्न ठरवताना आडनाव आणि जुनी जात हळूच विचारतात. हे मी ऐकलंय. महिला मंडळात तसं बोललेही. दोघीजणी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण त्याच दोघी परवा माझ्या शेजारी बसून गायल्या. घरी मोबाईलसमोर बसले असते तर ना हे भांडण झालं असतं, ना कुणी माझ्या शेजारी बसलं असतं.

तर ताई, येत्या रविवारी उपासना झाली की आम्ही थोडं थांबणार आहोत. एका आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, घरी त्या एकट्याच. रात्री सोबतीला कोण कधी जाणार ते ठरवायचंय. मंगळवार मी मागून घेतलाय.