नकाराच्या कागदावर थांबू नका
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



मनाच्या आजाराबद्दल आपण घरात बोलतो, दाराबाहेर नाही. मोठ्या धीराने कुणी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करतो आणि टक्केवारी ४० च्या खाली भरते. मग संजय गांधी निराधार योजनेचं अनुदानही अडतं. वर ऐकावं लागतं, "हातपाय तर धड आहेत!"

बंधू-भगिनींनो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार स्पष्ट नोंदलेला आहे. तपासणीत स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि कामधंदा या चार गोष्टी पाहतात. आजार किती वर्षांचा, तेही मोजतात. पण त्या दिवशी आपण माणसाला इस्त्रीचे कपडे घालून नेतो आणि लाजेपोटी "तसं बरं आहे" म्हणतो. मग टक्के कुठून भरणार?

नाकारलं तर कारण लेखी मागा. निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. सोबत प्रमाणपत्राची किंवा नकारपत्राची प्रत जोडायची. आजारी माणसाला स्वतः जमत नसेल, तर कायदेशीर पालक अपील करू शकतो. आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय अपिलाचा निकाल देता येत नाही. म्हणून जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या जपा. किती रात्री झोप नाही, किती दिवस आंघोळ नाही, काम कधी सुटलं, हे तारखेनिशी वहीत लिहा.

अर्ज लिहायला आम्ही सोबत बसू. ही भीक नव्हे, हक्क आहे. दुखणं लपवलं तर हक्कही लपून राहतो. जयभीम!